पोळा झाला, आता बोंड फोडून पाहा

(कळवण येथे पोळ्यानंतर भरलेल्या बैठकीतील भाषण)



पोळा होऊन आठ दिवस झाले. ज्यांच्या दावणीला अजून बैल आहेत त्यांनी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी केली असेल. हळद आणि लोणी लावून बैलाचा खांदा चोळला असेल. चोळताना कुठे सूज आहे, कुठे कातडी सोलली आहे, ते आपोआप हाताला कळते. आपण त्याला सण म्हणतो, पण खरे पाहिले तर ती तपासणी आहे. पेरणी झाली, कोळपण्या झाल्या, निम्मे काम बैलाने ओढले. अजून निम्मे ओढायचे आहे. ज्या कुणी हा रिवाज पाडला त्याला ठाऊक होते, की खांदा पाहायचा तो मध्यावरच. दसऱ्यानंतर पाहिला तर 'बैल गेला नि झोपा केला' असे व्हायचे.

आजच्या बैठकीत आम्हाला एकच प्रश्न विचारायचा आहे. बैलाचा खांदा आपण पाहिला. आपला स्वतःचा खांदा कुणी पाहिला?

आखाजीला काय ठरवले होते?

आपले वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते आखाजीला सुरू होते. सालदाराचे साल आखाजीला बदलते, बियाण्याचा विचार आखाजीला होतो, सोसायटीचे कर्ज नवे-जुने करण्याची धावपळ त्याच्या आसपासच असते. त्या दिवशी प्रत्येक घरात काही ना काही ठरते. कुणी म्हणतो, यंदा एकरी आठ क्विंटल कापूस काढायचाच. कुणी म्हणतो, सावकाराची उधारी संपवायची. कुणाला मुलीला नर्सिंगला घालायचे असते, कुणाला घरावर पत्र्याऐवजी स्लॅब टाकायचा असतो. कुणी मनातल्या मनात ठरवतो, की यंदा तंबाखू सोडायची.

ज्या तालुक्यात आपण बसलो आहोत तिथे सप्तशृंगीचा गड आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला खानदेशातून माणसे पायी येतात आणि नवस बोलून जातात. कोजागिरीला कावडी घेऊन पुन्हा गडावर गर्दी होते. चैत्री पौर्णिमा ते कोजागिरी, बरोबर सहा महिने. देवीला नवस बोललेला माणूस सहा महिन्यांनी गडावर आला, तर काय बोललो होतो ते त्याला आठवते. पण स्वतःशी बोललेला नवस? तो आपल्याला आठवतो थेट पुढच्या आखाजीला, आणि तेव्हा आपण म्हणतो, 'यंदा काही जमले नाही, पुढच्या साली पाहू.'

आम्ही बरीच वर्षे गावोगाव बैठका घेत आहोत. आमचे म्हणणे असे आहे, की ठराव मोडतात ते पावसाने कमी आणि न पाहिल्याने जास्त. मालेगाव, नांदगाव, येवल्याकडून आलेल्या भावांना आम्ही मुद्दाम हे सांगतो. इथे कळवणला चणकापूरचे पाणी आहे, कांदा आहे. चुकले तर पुढच्या पाण्यावर थोडे सावरता येते. तुमच्यापैकी काहींकडे तीच गिरणा वाहत जाते, पण शेताला पाणी आभाळाचे. कोरडवाहू माणसाला चूक दुरुस्त करायला दिवस थोडे मिळतात. त्यामुळे मध्यावर थांबून पाहण्याची गरज त्यालाच सर्वांत जास्त.

पाहायचे कसे, हे शिकवणारी दोन पिके तुमच्याच शिवारात आहेत. एक ज्वारी, दुसरी कपाशी. दोघी एकमेकींच्या उलट धडा शिकवतात.

ज्वारी सांगते, घाई करू नका

पावसाचा खंड पडला की ज्वारी पान गुंडाळून घेते. दुपारी बांधावर उभे राहिले तर पीक गेले असेच वाटते. पण ज्वारी मेलेली नसते, ती थांबलेली असते. पानावर मेणाचा थर असतो, पान गुंडाळले की पाण्याची वाफ कमी होते, वाढ जागच्या जागी थांबते. पाऊस आला की ती पुन्हा चालू लागते. म्हणून ज्वारीची परीक्षा दुपारी करू नये. पहाटे जावे. पान उलगडले असेल आणि मधला पोंगा हिरवा असेल तर पीक जिवंत आहे.

आमच्या पाहण्यातली दोन शेजाऱ्यांची गोष्ट आहे. जुलैत तीन आठवडे पाऊस नव्हता. एकाने दुपारी ज्वारी पाहिली, रागाने वखर घातला आणि पाऊस येताच मका टाकला. दुसऱ्याने ज्वारीची प्रत्येक तिसरी ओळ कापून काढली. कोवळी, ताण पडलेली ज्वारी जनावराला विषारी ठरू शकते, म्हणून ती त्याने हिरवी न घालता वाळवून ठेवली. उरलेल्या दोन ओळींमधून कोळपे फिरवले. भेगा बुजल्या, ओल टिकली. पाऊस आल्यावर त्याची ज्वारी निसवली. अपेक्षेपेक्षा कमी आली, पण घरची भाकरी आणि कडबा दोन्ही झाले. पहिल्याच्या मक्याला सप्टेंबरचे पाणी पुरले नाही.

दुसऱ्याने केले त्यात नवे काही नाही. १९३३ पासून सोलापूरला कोरडवाहू शेतीचे प्रयोग झाले. त्या कामातले एन. व्ही. कानिटकर यांनी १९४४ साली 'ड्राय फार्मिंग इन इंडिया' हा ग्रंथ लिहिला. त्या सगळ्या कामाचे सार अगदी साधे आहे: जमिनीत ओल जेवढी, झाडे तेवढी. बांध घाला, बी कमी पेरा, अंतर जास्त ठेवा, कोळपत राहा. ओल कमी पडली तर सगळी झाडे अर्धपोटी ठेवण्यापेक्षा थोडी झाडे पोटभर ठेवा.

आता हेच घराला लावून पाहा. आखाजीला पाच गोष्टी ठरवल्या. मध्यावर ओल कमी पडली, म्हणजे पैसा कमी, हात कमी, दिवस कमी. आपण काय करतो? एक तर पाचही मोडतो, नाहीतर पाचही अर्धवट ओढत राहतो. विरळणी कुणी करत नाही. पाचातल्या दोन या वर्षापुरत्या बाजूला काढल्या तर तीन पार पडतात. विरळणी म्हणजे हार नव्हे. उरलेल्या ओळींना कणीस यावे म्हणून केलेले ते काम आहे.

कपाशी सांगते, वेळेवर थांबा

आता दुसरा धडा. हा आम्ही आमच्या खर्चाने शिकलो, म्हणून लाज न बाळगता सांगतो.

२०१७ सालची गोष्ट. आम्ही शेतकीची पदवी घेतलेली, लोकांना सल्ले देत फिरणारे. घरची चार एकर कपाशी होती. आखाजीला कालनिर्णयच्या पाठीमागे तीन गोष्टी लिहिल्या होत्या. बत्तीस क्विंटल कापूस. सोसायटीचे कर्ज. आणि आईच्या डोळ्याचे ऑपरेशन. तिला मोतीबिंदू होता.

पोळ्याच्या सुमारास आई शेतातून आली आणि म्हणाली, 'फुलं उघडत नाहीत रे, गोळा होऊन बसली आहेत.' आम्ही म्हटले, ढगाळ हवा आहे, उघडतील. त्या डोमकळ्या होत्या. गुलाबी बोंडअळी फुलाच्या पाकळ्या आतून विणून टाकते, फूल मिटलेल्या गुलाबासारखे राहते, हे आम्ही पुस्तकात वाचले होते, लोकांना सांगितलेही होते. स्वतःच्या शेतात मात्र फूल उचकटून पाहिले नाही. पुढे बोंडे धरली. बाहेरून हिरवीगार, टणक. ही अळी बोंडात लहानपणीच शिरते आणि तिचे छिद्र बुजून जाते, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. वीस बोंडे फोडून पाहिली असती तर दहा मिनिटांत कळले असते. आम्ही फोडली नाहीत. खरे सांगायचे तर फोडायची भीती वाटत होती. बत्तीस क्विंटलचा आकडा डोक्यात होता आणि तो मोडायला मन तयार नव्हते.

त्या वर्षी महाराष्ट्रभर काय झाले ते तुम्हाला माहीत आहे. दिवाळीला आई म्हणाली, 'डोळ्याचं राहू दे, कापूस निघाला की करू.' डिसेंबरपर्यंत एकोणीस क्विंटल निघाला. तेव्हा तरी थांबायचे की नाही? नाही. विहिरीत दोन पाण्यांपुरते पाणी होते. कपाशी वेळेवर काढली असती तर एक एकर हरभरा झाला असता. आम्ही ते पाणी फरदडीला दिले. फेब्रुवारीपर्यंत राखली, दोनदा फवारली. निघाली ती तीन क्विंटल कवडी, आणि पुढच्या वर्षासाठी अळीची बेगमी आमच्याच शेतात झाली. आईचे ऑपरेशन पुढच्या साली झाले. मधले वर्ष ती भिंतीला हात लावत घरात फिरली. तिने एकदाही बोलून दाखवले नाही, म्हणून ते आम्हाला अजून ऐकू येते.

पदवी असून आमची ही गत झाली. माहिती कमी पडली नव्हती. पाहण्याची वेळ ठरवलेली नव्हती आणि थांबण्याची तारीख ठरवलेली नव्हती.

कपाशीचे नियम आता सगळ्यांना पाठ हवेत, म्हणून पुन्हा सांगतो. पीक पंचेचाळीस दिवसांचे झाले की एकरी दोन कामगंध सापळे. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले, किंवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या दिसल्या, किंवा वीस हिरव्या बोंडांपैकी दोनांत अळी निघाली, तर उपाय करायची वेळ झाली. डोमकळ्या तोडून नष्ट करा. आणि डिसेंबरअखेर कपाशी संपवा. पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका. फरदड नको.

घरातली फरदड

फरदड फक्त शेतात असते असे नाही. ज्या गोष्टीचा हंगाम संपला, पण 'अजून चार बोंडे येतील' म्हणून आपण पाणी घालत राहतो, ती सगळी फरदडच. बंद पडलेल्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीवर दरवर्षी घातलेले पैसे ही फरदड. भावकीतला बांधाचा दावा, ज्यात वकिलाची फी जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त झाली, ती फरदड.

एक नाजूक गोष्ट बोलतो, कुणी राग मानू नये. आपली पोरे नाशिकला, पुण्याला एमपीएससीचा अभ्यास करतात. ज्वारी विकून, कधी जनावर विकून आपण त्यांच्या खोलीचे भाडे भरतो. पोरे कष्टाळू आहेत. पण जागा थोड्या आणि उमेदवार लाखो. पहिला प्रयत्न फसला म्हणून पोराला परत बोलावणे म्हणजे दुपारी ज्वारी पाहून वखर घालणे. आणि सहा-सात वर्षे 'आणखी एक वर्ष' म्हणत राहणे म्हणजे फरदड. मग मधला रस्ता कोणता? पोराबरोबर बसून तारीख ठरवा. इतके प्रयत्न, अमुक सालापर्यंत. त्यासोबत दुसरे एक हाताचे काम शिकायचे. तारीख आधी ठरली असेल तर परत येणारा पोरगा हरून येत नाही, ठरल्याप्रमाणे येतो. गावात मान वर करून फिरायला त्याला एवढे पुरते.

हिशेब घातलेल्या पैशाचा नको, पुढच्या रुपयाचा हवा

थांबायचे की चालू ठेवायचे, हे ठरवताना आपली सगळ्यांची एक चूक होते. आपण म्हणतो, 'एवढा खर्च घातला आहे, आता कसे सोडायचे?' घातलेला पैसा मातीत गेला. तो सोडूनही परत येत नाही आणि धरूनही परत येत नाही. विचारायचे ते एवढेच, की यापुढे घातलेला रुपया किती आणील?

कागद-पेन्सिल असेल तर मांडून घ्या. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. चार फूट बाय दीड फूट लावलेल्या कपाशीत एकरी सात हजार झाडे उभी आहेत. घटस्थापनेच्या सुमारास, पीक नव्वद-पंचाण्णव दिवसांचे असताना, शेताच्या पाच ठिकाणी पाच-पाच झाडांची टिकतील अशी बोंडे मोजा. पात्या आणि फुले धरू नका. सरासरी अठरा आली असे समजा. एका बोंडाचा कापूस चार ग्रॅम. सात हजार गुणिले अठरा गुणिले चार म्हणजे पाचशे किलोच्या आसपास. पाच क्विंटल. आखाजीला ठरवले होते आठ.

तेव्हा भाव धरला होता साडेसात हजार, आता सात हजार धरू. एकरी अठरा हजार आधीच गेले. पुढे फवारणी दोन हजार, दहा रुपये किलोने वेचणी पाच हजार, वाहतूक पाचशे. म्हणजे पुढचे साडेसात हजार रुपये पस्तीस हजार आणतात. तर पीक सोडायचे नाही, जोमाने चालू ठेवायचे. पण एकरी एकतीस-बत्तीस हजार उरतील असे धरले होते, तिथे आता साडेनऊ हजार उरणार. चार एकरांत जवळजवळ अठ्ठ्याऐंशी हजारांची तफावत.

ही तफावत घटस्थापनेला कळली तर तिच्यावर उपाय आहे. लग्नाचा खर्च अजून ठरलेला नाही, स्लॅबचे लोखंड उधारीवर आणलेले नाही, सोसायटीत जाऊन बोलायला वेळ आहे. हीच तफावत जानेवारीत कळली तर उपाय नाही, फक्त व्याज आहे.

आणि डिसेंबरात हाच हिशेब पुन्हा करा. फरदडीचा एक क्विंटल येईल. भाव कवडीचा. बोंडे विरळ, म्हणून वेचणी महाग. फवारणी वेगळी. पुढच्या रुपयाने काय आणले ते कागदच सांगेल.

काही दारे अजून उघडी आहेत. ज्याची खरिपाची जमीन पिकावाचून राहिली किंवा पीक खरेच गेले, त्याच्यासाठी रब्बी ज्वारीची, आपल्या दादरची, पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. एकरी चार किलो बी पुरते. जमिनीची खोली पाहून वाण घ्या: हलकीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. कपाशीत शेवटच्या कोळपणीला कोळप्याला दोरी गुंडाळून दोन ओळींमध्ये सरी काढा, परतीचा पाऊस शेतातच मुरेल. फुलोऱ्यात ताण असेल तर दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम युरियाची फवारणी. ही सगळी कामे तारखेची आहेत. ई-पीक पाहणीही तशीच. २०२५ च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर आधी नोंदणी लागली, आणि ती सुरू झाली १ सप्टेंबरला, कापूस घरात येण्याच्या आधी. ज्याने पाहिले नाही त्याची नंतर धावपळ झाली.

दोन खाती वेगळी ठेवा

आता कुणीतरी विचारील, 'आम्ही सगळे पाहिले, मोजले, ठरवले. पण भाव कुणाच्या हातात आहे?' रास्त प्रश्न आहे. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लागले. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती उठली ४ मे २०२४ ला. या कळवणच्या भावांना ते विसरता येणार नाही. कापसाचे पाहा. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क माफ झाले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. दोन्ही वेळा तारीख १९ ऑगस्ट. शेतकऱ्याचे वर्ष मध्यावर असते, पीक शेतात उभे असते, खर्च होऊन गेलेला असतो, आणि तेव्हाच वरून पत्ते बदलले जातात.

म्हणून वहीत दोन खाती ठेवा. एक आपले, एक त्यांचे. बोंड फोडून पाहिले नाही, ते आपले खाते. आयात-निर्यातीचा हुकूम, ते त्यांचे खाते. आपल्या खात्याची चूक सरकारवर ढकलली तर पुढच्या वर्षी तीच चूक पुन्हा होईल. आणि त्यांच्या खात्याची चूक स्वतःच्या माथी घेतली तर माणूस आतून खचतो. ही दुसरी चूक जास्त घातक आहे. पोळ्यानंतर बोलेनासे झालेले, चावडीवर येणे सोडलेले भाऊ आम्ही पाहिले आहेत. आकडा चुकला, म्हणून आपणच चुकलो, असे त्यांनी मनाशी धरलेले असते. आकडा चुकतो. माणूस आकड्यापेक्षा मोठा आहे. आपल्या आळीत असा कुणी गप्प झाला असेल, तर त्याच्याकडे सल्ला घेऊन जाऊ नका. चहा प्यायला जा, वही घेऊन जा, आणि त्याच्याबरोबर बसून दोन खाती वेगळी करा. एकट्याला जी बेरीज पेलत नाही ती चौघांत बसून होते.

मायबहिणींचा ठराव

शेवटचा मुद्दा मायबहिणींचा. नांदगावकडच्या एका बैठकीत आम्ही सगळ्यांना आखाजीचे ठराव विचारत होतो. पुरुष भराभर सांगत होते. मागे बसलेली एक बाई म्हणाली, 'मला न्हाणीघर पाहिजे होतं. पहिल्या साली बैल घेतला, दुसऱ्या साली फवारणी पंप, तिसऱ्या साली पाहुण्यांचं लग्न. माझा ठराव दरसाली विरळणीत जातो.' सगळे हसले. ती हसली नाही.

चांदवड इथून दूर नाही. तिथे १९८६ साली शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले. तेव्हापासून आपण भाषणात म्हणतो, की शेतीचे निम्म्याहून जास्त काम बाई करते. मग वर्षाच्या मध्यावर ओळी काढायच्या, तर दरवेळी तिचीच ओळ का काढायची? यंदाची विरळणी करताना तिला शेजारी बसवा आणि आधी तिला बोलू द्या. डोमकळी कुणी पहिल्यांदा पाहिली होती, ते आम्ही मघाशी सांगितलेच आहे.

घटस्थापनेपर्यंतचे काम

भावांनो आणि मायबहिणींनो, भाषण ऐकून टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचे, असे आज करू नका. घटस्थापनेपर्यंत एवढे करा.

एक, वहीचे एक पान घ्या. आखाजीला जे ठरवले ते घरातल्या प्रत्येकाला विचारून लिहा. लेकरांनाही विचारा.

दोन, प्रत्येक ठरावासमोर आज तो कुठे आहे ते लिहा. अंदाज नको, मोजून लिहा. शेतात बोंडे फोडा, ज्वारी पहाटे पाहा, सोसायटीतून कर्जाचा खरा आकडा आणा.

तीन, ओल पाहून विरळणी करा. कोणत्या ओळी ठेवायच्या, कोणत्या पुढच्या साली, ते सगळ्यांनी मिळून ठरवा.

चार, जे चालू ठेवाल त्याच्यासमोर पुढचे काम आणि तारीख लिहा. जे फरदड असेल त्याच्यासमोर थांबायची तारीख लिहा.

पाच, पान भिंतीला लावा. आम्ही आमचे कालनिर्णयच्या पाठीमागे लिहिले होते आणि ते तोंड भिंतीकडे करून वर्षभर टांगले होते. तसे करू नका.

पुढची बैठक दसऱ्यानंतर होईल. येताना ते पान घेऊन या. कुणाचा आकडा किती आला, हे आम्ही विचारणार नाही. कुणी किती बोंडे फोडून पाहिली, तेवढे विचारू.

आमच्या घरी आता आखाजीला आई पहिली बसते. तिला आता सुईत दोरा ओवता येतो. यंदाही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती कपाशीत जाऊन आली. येताना ओंजळभर हिरवी बोंडे घेऊन आली, ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, 'फोड.'

आम्ही फोडली. तुम्हीही घरी जाऊन फोडा.